निशिगंधाची शिकवणी

निशिगंधा मढवीने मोबाईल सोडला तेव्हा सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. बुडायला निघालेल्या माणसाला काठावरून 'काय छान पोहतोस' म्हणणारे लोक आपल्याकडे पुष्कळ. त्यांतले बरेचसे शिळवणे गावात राहतात.

शिळवणे म्हणजे डोंबिवली पूर्वेचं एक आगरी गाव. गाव आता म्हणायलाच. भाताच्या खाचरांवर सोळा-सोळा मजले उभे राहिले आणि जमीन विकलेल्यांनी आपापल्या अंगणात चार-चार मजले चढवून भाडेकरू भरले. निशिगंधाचे वडील राघो मढवी त्यांतलेच एक. आयुष्यभर चिखलात राबलेला हा माणूस आता सकाळी पांढरे बूट घालून गावदेवीपर्यंत चालायला जायचा आणि दमून परत यायचा. आई लक्ष्मी घर बघायची, भाऊ दिपेश काही बघायचा नाही. निशिगंधा सव्वीस वर्षांची, कल्याणच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली. ठाण्यात एका सीएच्या ऑफिसात दोन वर्षं बसली आणि एका हळदीने तिचं नशीब फिरवलं.

चुलत बहिणीच्या हळदीत तिने पिवळं लुगडं नेसून, मोठी नथ घालून, आजीच्या मांडीवर ऐकलेल्या धवल्याच्या चार ओळी म्हटल्या. धवले म्हणजे आगऱ्यांच्या लग्नातली गाणी आणि ती म्हणणारी ती धवलारीण. भटजीच्या आधी मांडवात तिचा मान. तीच गाण्यातून देवांना आवतण देते, तीच घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन आत बोलावते, आणि तिचं गाणं पुढे सरकेल तसतसे विधी पुढे सरकतात. दोन-अडीच तासांचा मामला, सगळा तोंडपाठ. कागदावर उतरवायचा नाही हा दंडक. एकीच्या तोंडातून दुसरीच्या कानात गेलं तर राहिलं, नाहीतर संपलं.

निशिगंधाचा मामला चाळीस सेकंदांचा होता. दिपेशने त्याचा रील केला, तो लाखभर लोकांनी पाहिला. मग दुसरा, मग तिसरा. वर्षभरात 'धवलारीण ताई'चे शहाऐंशी हजार फॉलोअर झाले. नोकरी सुटली. लोक लग्नाला बोलवायला लागले. आता चाळीस सेकंदांचं भांडवल घेऊन अडीच तास मांडवात बसायचं म्हणजे पावशेर दुधात गावजेवणाची खीर. पण ढोलकी असली, डीजे असला आणि पाहुणे आपापल्या मोबाईलमध्ये असले, की कोण कशाला मोजतंय? तेच कडवं फिरवून फिरवून तिने चौदा लग्नं निभावली.

पंधराव्याला ती सापडली. कल्याणजवळच्या एका लग्नात डीजेवाला उशिरा आला आणि मांडवात नको तेवढी शांतता पसरली. घरातली एक आत्या उठून म्हणाली, "आता पितरांना आवतण दे गो." निशिगंधाने मांडीवरच्या मोबाईलमध्ये नावं लिहून ठेवली होती. ती वाचायला घेतली आणि तिसऱ्या नावावर बॅटरी संपली. स्क्रीन काळी. पुढची नावं सोडा, आत्ता वाचलेली दोनही तिला आठवेनात. भरल्या मांडवात ती आ वासून बसली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "काय गो, बॅटरी संपली तं पितर पन संपलं का?"

तो आवाज केशरबाईंचा. वय अठ्ठ्याहत्तर. पंचक्रोशीत अख्खे धवले येणारी ती एकटी उरली होती, आणि गेली दहा वर्षं तिला कोणी मांडवात गायला बोलावलं नव्हतं. कानामागून आलेली पोरगी तिखट झाली होती. केशरबाई लग्नाला येऊन पहिल्या रांगेत बसायच्या, जेवायच्या आणि घरी जायच्या. त्या दिवशी मांडव त्यांच्या एका वाक्यावर पाच मिनिटं हसला. हे हसणं साहजिकच कोणीतरी रेकॉर्ड केलं.

निशिगंधाने ते घरी येऊन शंभरदा पाहिलं. खालच्या कमेंटी वाचल्या. वाईट वाटलंच, पण त्याहून एक वेगळीच भीती तिच्या मनात शिरली. आजीने शिकवलेलं आठवून बघावं म्हणून ती डोळे मिटून बसली, तर दोन ओळींच्या पुढे मन टिकेना. तिसऱ्या ओळीला अंगठा आपोआप वर सरकायचा. हातात मोबाईल नसला तरी सरकायचा. जेवताना ताटाच्या कडेवर सरकायचा. आपल्या डोक्यात आता काही राहत नाही, चाळणी झालीय, हे तिला लख्ख कळलं. ती रडली, आणि त्या रडण्यातून तिने ठरवलं: मी खरी धवलारीण होणार. एका तरी मांडवात पहिल्या देवापासून शेवटच्या पितरापर्यंत अख्खं म्हणणार, न अडखळता.

तिने अकाउंट बंद केलं. मोठा मोबाईल दिपेशला देऊन टाकला आणि आकडे दाबायचा साधा डबा घेतला. इथवर शहाणपणाचं झालं. पण आगरी माणूस काही केलं की वाजवून करतो. तिने घरातल्या सगळ्यांना देव्हाऱ्यापुढे उभं केलं, एकवीरेच्या टाकावर एकेकाचा हात ठेवला आणि शपथ घातली, "त्या मोबाईलमधलं काहीपण, चांगलं असो वाईट असो, मला कोणी सांगायचं नाय. कोण काय बोललं, कोणी काय टाकलं, एक शब्द नाय. सांगितलंत तर एकवीरा बघून घेईल." राघो, लक्ष्मी, दिपेश, तिघांनी शपथ घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्या वेळी लक्ष्मीला पोरीचा एवढा अभिमान वाटला की तिने शेजारी पेढे वाटले.

मग निशिगंधा केशरबाईंकडे गेली. केशरबाई ठाण्याला, खोपटच्या एसटी डेपोमागे मुलाच्या घरी राहायच्या. तिसरा मजला, खिडकीखाली दिवसभर बसचे हॉर्न. निशिगंधाने पाय धरले. म्हातारीने बराच वेळ पाय सोडवून घेतले नाहीत. मग म्हणाल्या, "शिकवीन. पन लिवायचा नय. आनि ता मोबाईल माज्या घरान नको."

"मी सोडलाय, आजी."

"मंग बस."

दर शनिवारी दुपारी ती डोंबिवलीहून एसटी धरायची आणि खोपटला उतरायची. पहिल्या शनिवारी तीन तासांत एकच ओळ झाली. केशरबाई म्हणायच्या, ती म्हणायची, चुकायची, परत. तिचा अंगठा सरकला की केशरबाई त्यावर पितळी तांब्या ठेवायच्या. दुसऱ्या महिन्यात चाळीस ओळी बसल्या. तिसऱ्यात गणपतीपासून वेशीवरच्या देवापर्यंतचं सगळं. एकदा बसमध्ये तिने तोंडातल्या तोंडात सुरुवात केली आणि डेपोत बस लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की मध्ये आपण कुठेच थांबलो नाही. खिडकीतून बाहेर बघितलं नाही, कोणाला दाखवावंसं वाटलं नाही. ती तशीच सीटवर बसून राहिली. कंडक्टर ओरडला, "ओ मॅडम, इथंच ऱ्हायचंय का?" तिला त्याच्यासुद्धा गळ्यात पडावंसं वाटलं. एवढं सुख तिला शहाऐंशी हजारांनी कधी दिलं नव्हतं.

आता जे तिला माहीत नव्हतं ते सांगतो.

केशरबाईंची एकोणीस वर्षांची नात दिशा स्वयंपाकघराच्या दारात पुस्तक घेऊन बसायची. पुस्तकाआड, आजीला दिसणार नाही असा, मोबाईल टेकवलेला असायचा. पहिल्यांदा तिने गंमत म्हणून केलं. निशिगंधा चुकली, केशरबाईंनी जमिनीवर पंजा आपटला आणि ओरडल्या, "चुकलीस गो भवाने!" निशिगंधाचा चेहरा असा झाला की जणू पेढा म्हणून तोंडात तुरटी गेली. वीस सेकंद. दिशाने 'केशरआजीची शाळा' या नावाने ते टाकलं. आठ दिवसांत अकरा लाख लोकांनी पाहिलं.

मग दर शनिवारी नवा रील. निशिगंधा चुकतेय, निशिगंधा घामाघूम होतेय, निशिगंधाच्या अंगठ्यावर तांब्या. तांब्यावर लोक फिदा झाले. कोणी 'चुकलीस गो भवाने'ला ठेका लावून डीजेचं गाणं केलं आणि ते पनवेलपासून वसईपर्यंतच्या हळदींत वाजायला लागलं. शाळेतली पोरं पाढे चुकलेल्या पोराला तेच म्हणायला लागली. सगळ्या जिल्ह्यात ही गोष्ट ठाऊक नसलेली एकच बाई होती आणि ती दर शनिवारी एसटीत खिडकीशी बसून देवांची नावं पुटपुटत होती.

लोक तिच्याकडे बघून हसायचे. तिला वाटायचं, कल्याणच्या फजितीचं अजून हसतायत. बसमध्ये एका कॉलेजच्या पोरीने विचारलं, "ताई, तुम्ही त्याच ना? एक सेल्फी?" निशिगंधा नम्रपणे म्हणाली, "मी ते सोडलं गं आता." पोरीला वाटलं ही विनोद करतेय. ती इतकी हसली की पुढच्या सीटवरचे वळून बघायला लागले.

घरच्यांना सगळं माहीत होतं. दिपेश तर प्रत्येक रील पाहायचा आणि संडासात जाऊन हसायचा. एकदा निशिगंधाने आईला विचारलं, "आई, गावातली पोरं माझ्या मागून काहीतरी ओरडतात. काय असतं ते?"

लक्ष्मीच्या हातातला तवा तसाच राहिला. तिने देव्हाऱ्याकडे बघितलं. "पोरा हायेत, वरडनार. तू तुजा शिक."

दोष कोणाला द्यायचा? आपलेच दात, आपलेच ओठ. लक्ष्मी त्या रात्री जेवली नाही, पण बोललीही नाही. पोरीचं दुःख तिला सोसवलं असतं, एकवीरेचा कोप सोसवला नसता.

केशरबाईंनाही सुरुवातीचे तीन महिने ठाऊक नव्हतं. त्या खरंच शिकवत होत्या, जीव तोडून. साठ वर्षं पोटात सांभाळलेलं कोणाच्या तरी ओंजळीत घालायचं होतं, आणि ही पोरगी ओंजळ धरून बसली होती. मग चौथ्या महिन्यात ठाण्याच्या बाजारात कोथिंबीर घेताना एका बाईने त्यांना ओळखलं. ती पाया पडली. म्हणाली, "आजी, एकदा म्हणा ना ते." केशरबाईंना काही कळेना. बरोबर आलेल्या दिशाने कपाळावर हात मारला आणि सगळं सांगितलं. मोबाईलवर दाखवलं. म्हातारी त्या चौकोनाकडे बघत राहिली. खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते दिशाने वाचून दाखवलं. आजी तुमच्यासारखं कोणी नाही. आजी तुम्ही आमच्या लग्नाला या. आजी, आजी, आजी.

दहा वर्षं त्यांना कोणी हाक मारली नव्हती.

पुढच्या शनिवारी केशरबाईंनी नवं लुगडं नेसलं आणि दिशाला विचारलं, "उजेड हय बरा का खिरकीशी?" त्या दिवसापासून शिकवणी बदलली. निशिगंधा चुकायची कमी झाली होती, हीच आता अडचण होती. शनिवार बिनचुकीचा गेला तर टाकायचं काय? मग केशरबाई चूक काढायला लागल्या. आधी तालाची, मग उच्चाराची, मग कशाचीही. एका शनिवारी खाडीचा देव आधी आणि बांधावरचा नंतर. पुढच्या शनिवारी उलट.

"आजी, मागच्या वेळी तुम्ही उलटं सांगितलेलं," निशिगंधा भीत भीत म्हणाली.

"मी? साठ वर्सा माज्या तोंडान हाय ता. तुज्या टक्कुऱ्यान काय ऱ्हात नय, त्याला मी काय करू?"

कागद नाही, पुरावा नाही. निशिगंधाने मान खाली घातली. तिला वाटलं, मोबाईलने डोकं कायमचं गेलं आपलं, आता भरून यायचं नाही. तिथेच तिला रडू फुटलं. दिशाने त्यावर करुण सनई लावली. तो रील सर्वांत जास्त चालला.

घरी येऊन निशिगंधाने बदाम भिजत घालायला सुरुवात केली. मंगळवार धरले. पहाटे उठून गच्चीवर टाक्यांच्या मागे बसून दोन्ही क्रम पाठ केले, खाडीचा आधी आणि बांधाचा आधी. आठव्या महिन्यात तिला अख्खे धवले येत होते आणि वर केशरबाईंच्या सगळ्या खोट्या चुकाही पाठ होत्या. एवढी एकाग्रता आजकाल देवळातल्या पुजाऱ्याकडे मिळायची नाही.

अकराव्या महिन्यात सुपारी आली. कल्याणच्या पलीकडच्या गावातला प्रितम नावाचा मुलगा, त्याचं लग्न. "दोघी पाहिजेत, आजी पण आणि ताई पण," तो फोनवर म्हणाला. निशिगंधाला वाटलं, गुरू-शिष्येची जोडी म्हणून बोलावतायत. तिने केशरबाईंना विचारलं, "आजी, मांडवात मी म्हणू? अख्खं?"

केशरबाईंनी तांब्या बाजूला सरकवला. "म्हन," म्हणाल्या. "मी बाजूला बसन."

आदल्या दिवशी, रिवाजाप्रमाणे, निशिगंधा त्या घरच्या पितरांची नावं घ्यायला गेली. प्रितमची आजी रमाबाई ओट्यावर बसली होती. ऐकू जवळजवळ येत नव्हतं, त्यामुळे ओरडून बोलायची. तिने बोटांवर आठ नावं मोजली. सासरा, सासू, दीर, जाऊ. नवव्या बोटाशी थांबली.

"आनि बालाराम. माजा पोऱ्या. प्रितमचा बाप." तिने नातवाची उंची जमिनीपासून हातभर दाखवली. "यो एवरासा होता तवा गेला. खारीवरच्या पुलावं कामाला होता. त्याचा नाव नीट घे गो पोरी. नाव घेतल्याबिगर मेलेला मानूस मांडवान येत नय. भायेर उभा ऱ्हातो. पोराच्या लग्नान बापान भायेर उभा ऱ्हायाचा का?"

"नाही राहणार, आजी," निशिगंधा तिच्या कानाशी म्हणाली. "मी आत आणते त्यांना."

दुसऱ्या दिवशी ती सकाळी नऊला आईबरोबर रिक्षातून उतरली तर मांडवाच्या दारावर वीस फुटी फ्लेक्स होता. एका बाजूला केशरबाई पंजा उगारून, दुसऱ्या बाजूला ती स्वतः, तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, अंगठ्यावर तांब्या. मध्ये लाल अक्षरांत 'चुकलीस गो भवाने!' आणि खाली 'आज आपल्या मांडवात लाईव्ह'. शुभेच्छुक म्हणून बावीस पोरांचे गॉगल लावलेले फोटो.

निशिगंधाने तो दोनदा वाचला. ती आईकडे वळली. लक्ष्मी पदर तोंडात घालून उभी होती. "तू शपथ घातलेलीस," एवढंच म्हणाली.

फ्लेक्सखाली दिशा स्टँड लावत होती. तिला खरोखर आश्चर्य वाटलं. "ताई, तुम्हाला माहीत नव्हतं? कसं शक्य आहे? सगळ्यांना माहितीय!" तिने मोबाईल पुढे केला. अकरा महिन्यांनी निशिगंधाने तो हातात धरला आणि तिचा अंगठा वर सरकायला लागला. चुकतेय. घामाघूम होतेय. खाडीचा देव आधी. बांधाचा देव आधी. रडतेय. सनई. तिने खाडीचा आणि बांधाचा असे दोन्ही रील पुन्हा पाहिले, तारखा पाहिल्या, आणि तिला कळलं की तिचं डोकं कधीच गेलेलं नव्हतं. दोन्ही वेळा तिने बरोबर ऐकलं होतं. हे कळल्यावर तिला जो राग आला तो आनंदाइतकाच मोठा होता, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

"आई, चल घरी," ती म्हणाली.

तेवढ्यात रमाबाई लुगडं सावरत आली. तिने निशिगंधाचं मनगट धरलं आणि भर मांडवात ओरडून विचारलं, "ध्यानान हाय ना गो? बालाराम!"

निशिगंधा आत जाऊन बसली.

तिने सुरुवात केली तेव्हा मांडवात दोनशे मोबाईल वर गेले. गणपती झाला, एकवीरा झाली, गावदेवी झाली. ती कोणाकडे बघत नव्हती. आवाज स्थिर, एकेक देव आपल्या जागी. अकरा महिने जिच्यासाठी घालवले ती गोष्ट तिच्या तोंडातून पाण्यासारखी वाहत होती. बाजूला बसलेल्या केशरबाईंचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. म्हातारीचे डोळे भरून आले होते आणि ते खोटं नव्हतं. साठ वर्षांचं ते सगळं आता आपल्या बाहेरही जिवंत आहे, हे ती पहिल्यांदा ऐकत होती.

पण चुकेना तर मजा काय? वीस मिनिटांनी पोरं कुजबुजायला लागली. दोन तास होत आले तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "आजी, काढा ना चूक!" हशा. प्रितमने पाटावरूनच हात जोडले, "आजी, एकदा तरी. लोक लांबून आलेत." दिशाने स्टँडमागून हाताने खूण केली. केशरबाईंनी मान हलवून नाही म्हटलं. एकदा. मग लोक टाळ्यांच्या ठेक्यावर "आजी! आजी!" म्हणायला लागले, आणि ती हाक ऐकून म्हातारी पाठ ताठ करून बसली.

निशिगंधा पितरांवर आली होती. सासरा. सासू. दीर. जाऊ. रमाबाई हात कानामागे धरून पुढे वाकली होती. सहा, सात, आठ. निशिगंधाने श्वास घेतला आणि तोंडातून 'बा' निघाला.

पंजा जमिनीवर आदळला. "चुकलीस गो भवाने!"

मांडव फुटला. डीजेने तोच आवाज ठेक्यावर दहादा वाजवला. पोरं खुर्च्यांवर चढली. निशिगंधाने केशरबाईंकडे बघितलं. केशरबाई कॅमेऱ्याकडे बघत होत्या.

"आजी, बरोबर होतं," निशिगंधा म्हणाली. "नवरदेवाच्या बापाचं नाव आहे. घेऊ द्या."

"मागून म्हन," केशरबाई म्हणाल्या. हे रीलमधलंच पुढचं वाक्य होतं. लोकांनी ते त्यांच्याबरोबर म्हटलं.

तिने परत मागून, पहिल्या पितरापासून, म्हटलं. आठ नावं, आणि 'बा'. पंजा. डीजे. तिसऱ्यांदा ती 'बा'वर यायच्या आतच गर्दी ओरडली. चौथ्यांदा तिचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला नाही. प्रितम हसून हसून पाटावर वाकला होता, ज्याच्या बापाला आत आणायचं होतं तो. मग भटजींनी घड्याळ दाखवलं, मुहूर्त निघून चालला होता. डीजेवाल्याने गाणं सोडलं आणि सगळा मांडव नाचायला उठला. केशरबाईंना चार पोरांनी खुर्चीसकट उचललं. त्या दोन्ही हात हलवत होत्या.

निशिगंधा बसल्या जागी ते नाव पुन्हा पुन्हा म्हणत होती. ठेक्याखाली ते कोणालाच ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

नाचणाऱ्यांतून वाट काढत रमाबाई आली. तिने निशिगंधाच्या गालाला हात लावला. "मना ऐकाय नय आला गो," ती ओरडली. "गोंगाट झाला. बालारामचा नाव घेतलास ना? आयला ना तो?"

निशिगंधाच्या समोर दिशाचा मोबाईल होता, लाल ठिपका चालू.

"आला, आजी," ती म्हणाली. म्हातारीला ऐकू जावं म्हणून तिला ते ओरडून सांगावं लागलं.

रमाबाईने तिच्या ओटीत नारळ घातला. मग पहिल्या रांगेत जाऊन बसली, आणि लग्न लागेपर्यंत शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून, येईल त्याला सांगत राहिली की इथे नको बसू, इथे माझा पोरगा बसलाय.